खैतानच्या हॉलमधला पंख

कुवेतहून परत आलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात: उन्हाळा किती आणि सोनं किती. मला त्या दोन्हींतलं फारसं सांगता येत नाही. माझ्याकडे आहेत ते एका विमानाचे किस्से, आणि तेही मी मुद्दाम जमवलेले नाहीत, आपोआप साचलेत. सबनीस पुण्यात भेटला की एक निघतो, रत्नागिरीहून मुकादमभाईंचा फोन आला की दुसरा निघतो. माझी बायको दर वेळी म्हणते, "हा मागच्या वेळी वेगळा होता." असेल. आमचं विमानसुद्धा दर शुक्रवारी थोडं वेगळं व्हायचं.

तर आधी विमान. बू नासर नावाचे एक कुवेती गृहस्थ होते. बू नासर म्हणजे नासरचे वडील. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. आयुष्यभर मोठी विमानं चालवून निवृत्त झाले, आणि घरी बसवेना म्हणून अमेरिकेतून नकाशे मागवून स्वतःच्या हाताने दोन सीटचं विमान बांधायला लागले. जगभर असे हौशी लोक आहेत, ते आपल्या चुका एकमेकांना कळवतात आणि त्यातून विमानं सुधारत जातात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! राई नावाच्या कारखान्यांच्या भागात त्यांचं गॅरेज होतं आणि शेजारच्या पार्ट्सच्या दुकानात मी स्टोअरकीपर. एकदा शटर अर्धं उघडं दिसलं म्हणून वाकून पाहिलं. आत पांढरं, लांबुळकं काहीतरी होतं. मी विचारलं, "हे पुढचं की मागचं?"

प्रश्न बरोबर निघाला. या जातीच्या विमानाला नेहमीची शेपटी नसते. इतर विमानांचा जो छोटा पंख मागे असतो तो याच्या नाकाशी, आणि फिरणारा पंखा पुढे असायचा तो ढुंगणाशी. का, तेही विचारलं. तर म्हणे नाक फार वर गेलं की आधी तो छोटा पंख दमतो, नाक आपसूक खाली येतं आणि मोठे पंख कामावर राहतात. म्हणून सुरक्षित. मग त्यावर मी आणखी विचारलं. कुवेतच्या अरबीत 'का'ला 'लेश' म्हणतात. महिन्याभरात माझं नाव मिस्टर लेश पडलं आणि मी दर शुक्रवारी तिथे जायला लागलो.

'सुरक्षित' हा शब्द बू नासर जरा जास्तच वापरायचे. त्याचं कारण त्यांच्या घरी होतं. इराकी सैन्य कुवेतमध्ये होतं त्या महिन्यांत त्यांच्या बायकोचा, उम्म नासरांचा, धाकटा भाऊ रोटी आणायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. तेव्हापासून घरातलं कुणीही निघालं की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि ते माणूस परतेपर्यंत जेवायच्या नाहीत. बू नासरांनी त्यांना शब्द दिला होता की विमान बांधीन, पण तू हो म्हटल्याशिवाय त्याची चाकं जमीन सोडणार नाहीत. आणि त्या हो म्हणत नव्हत्या. आम्ही वर्षानुवर्षं घासत होतो ते उडणार की गॅरेजची शोभा होणार, हे अशा बाईच्या हातात होतं जिला आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं.

*

मुकादमभाई रत्नागिरीचे. कुवेतमध्ये फायबरच्या मच्छीमारी बोटी बनवायचे, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आमचं विमानही फायबरचंच: आत निळा फोम, म्हणजे थर्माकोलचा थोरला भाऊ, आणि वर रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसात, भिजवलेलं काचेचं कापड. बू नासरांना वाटलं, याहून योग्य माणूस मिळणार नाही. आम्हालाही तसंच वाटलं.

पहिल्याच शुक्रवारी मुकादमभाईंनी बोटीचं रेझिन आणलं, सुरेख हाताने कापड बसवलं, आणि आम्ही सगळे चहाला गेलो. परत आलो तर पंखाच्या मध्यभागी खड्डा. आमच्या डोळ्यांदेखत तो मोठा होत होता. बोटीचं रेझिन हा फोम खातं, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. आतून काहीतरी चुरचुरत होतं, आणि मी कान लावून ऐकत होतो, कारण असं पुन्हा ऐकायला मिळेल याची खात्री नव्हती.

मुकादमभाईंनी खड्ड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "बोटीला ह्याच लावताव आमी. बोट कधी खाल्लीन नाय त्याने."

बू नासरांनी खजील होऊन अमेरिकेतल्या मंडळींना हा प्रकार कळवला. त्यांचं उत्तर आलं: आमच्या मंडळात स्वागत आहे, आता तुम्ही खरे सभासद झालात. ते उत्तर मुकादमभाईंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

*

मग बरोबर रेझिन आलं, तर उन्हाळा आडवा आला. राईच्या पत्र्याखाली ते रेझिन कालवलं की डब्यातच तापायचं, धूर सोडायचं आणि ब्रश आत उभाच्या उभा अडकायचा. काम थंडाव्यात करायला हवं होतं. थंडावा म्हणजे एसी, आणि एसी म्हणजे सबनीस.

सबनीस एसीचा इंजिनियर. कुवेतच्या खैतान वस्तीत चौथ्या मजल्यावर राहायचा. त्याच्या घरात उन्हाळ्याचे आठही महिने अंगावर शाल घ्यावी लागायची. नाकाशी बसणारा तो छोटा पंख आपल्या हॉलमध्ये करू, असं त्याने परस्पर ठरवलं, आणि बायकोला, मेधावहिनींना, सांगितलं की महिन्याभराचं काम आहे. मेधावहिनी इंडियन स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवायच्या, त्यामुळे खोटं बोलणारा चेहरा त्यांना लगेच कळायचा. त्या फक्त म्हणाल्या, "कुठल्या वर्षीचा महिना?"

पंख दोन माणसांएवढा लांब आणि वीतभरापेक्षा थोडा रुंद. तो स्वयंपाकघराच्या दारापासून गॅलरीपर्यंत पसरला. जेवायला बसायचं तर ओलांडून जावं लागे. पण झाला मात्र देखणा. शेवटी सबनीसने त्याची परीक्षा घेतली. ती परीक्षा नाण्याने घेतात. पंखावर नाणं आपटत जायचं. आत सगळं घट्ट चिकटलेलं असेल तर टण, टण असा आवाज येतो. हवेची पोकळी राहिली असेल तर ठप.

टण, टण, टण, ठप.

तळहाताएवढी जागा होती. वरून काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, एवढ्याने काय होतं? सबनीसने पुन्हा वाजवून पाहिलं, आत गेला, करवत घेऊन आला आणि त्याने तो पंख मधोमध कापला. मेधावहिनी शाळेतून आल्या तेव्हा हॉलमध्ये दोन तुकडे होते आणि नवीन फोम येऊन पडला होता. त्या दिवशी त्या जे बोलल्या ते खालच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबालाही भाषांतराशिवाय समजलं.

*

कापलेल्यातला एक तुकडा वहिनींनी ठेवून घेतला. दोन्ही टोकांना विटा रचल्या, वर चादर घातली, आणि भिंतीला लागून बाक तयार झाला. "माझा हॉल खाल्लात, निदान बसायला तरी काही ठेवा," हे त्यांचं कारण.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या बाकावर तीन बायका एकदम बसल्या. तिघीही खात्यापित्या घरच्या. सबनीसने ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. तो हळूच जमिनीवर आडवा झाला आणि बाक किती वाकतो ते एका डोळ्याने बघायला लागला. बायकांच्या हे लक्षात आलं तेव्हा बराच गोंधळ झाला. बाक तसूभर वाकला नव्हता, हे त्याने त्यांना अगदी कौतुकाने सांगितलं. त्यातल्या एक बाई पुढच्या वर्षी आल्या नाहीत.

*

दुसरा पंख पहिल्याहून चांगला झाला. सगळीकडे टण. पण बाहेर कसा काढायचा? वर जाताना फोमच्या विटा होत्या, लिफ्टमधून गेल्या. खाली येताना तो पंख होता, आणि जिन्याला दर मजल्यावर दोन वळणं. याचा विचार चौघांपैकी कुणीही केला नव्हता.

सबनीसने कंपनीची क्रेन आणली, गच्चीवर एसी चढवायची. गॅलरीतून पंख दोरांवर बाहेर निघाला, जुन्या गाद्यांत गुंडाळलेला. खाली गर्दी जमली. एका पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, काय आहे? सबनीस म्हणाला, विमानाचा पंख. पोलिसाने वर पाहिलं, मग त्याला विचारलं, "आणि बाकीचं विमान कितव्या मजल्यावर आहे?"

*

विमान शहराबाहेरच्या धावपट्टीवर न्यायचं ठरलं. मोठे पंख सुटे केले आणि लॉरीवाल्या खानसाहेबांना बोलावलं. ते विमान चढवेपर्यंत आम्ही चहा घेतला. बाहेर येऊन बघतो तर त्यांनी मोठ्या कष्टाने, उत्तम बांधून, विमान उलटं ठेवलं होतं. पंखा केबिनच्या मागे लागून आणि नाक लॉरीच्या शेपटीकडे. खानसाहेबांचं म्हणणं असं की पंखा पुढेच असतो, लहान पोरालाही ठाऊक आहे. दोर सोडायला लावायची आमची हिंमत झाली नाही.

बू नासर आपल्या गाडीतून लॉरीच्या मागे मागे होते. धावपट्टीवर उतरले तेव्हा जरा अस्वस्थ दिसले. म्हणाले, "सगळा रस्ता ते माझ्याकडे बघत होतं. कुठे नेताय, असं विचारत होतं."

*

उडायची परवानगी घरून नव्हती, पण पळवायची होती. बू नासर विमान धावपट्टीवर पळवायचे आणि ठराविक वेगाला नाक अलगद वर यायचं. पुढचं चाक उचललं म्हणजे शब्द मोडला का, यावर आमची चर्चा झाली. मागची दोन तर जमिनीवर आहेत, असा निकाल बू नासरांनी स्वतःच दिला.

मग एका शुक्रवारी नाक वर येईना. वेग वाढवला तरी येईना. आम्ही वजनं पाहिली, जोडण्या पाहिल्या, सबनीसने पंखाचा कोन पुन्हा मोजला, मुकादमभाईंनी इंजिनालाही नावं ठेवली. कित्येक शुक्रवार असे गेले. अमेरिकेतल्यांना विचारलं तर त्यांनी उलट विचारलं, तुमच्याकडे पाऊस पडतोय का? काहींना पावसात असा अनुभव येतो म्हणे. कुवेतमध्ये आणि पाऊस! आम्ही खूप हसलो.

पुढे बू नासरांना फोटो काढायचा होता म्हणून आम्ही विमान धुतलं. धुतल्यावर सहज पळवलं, आणि नाक नेहमीसारखं वर आलं. मधे वाळूचं वादळ येऊन गेलं होतं. पावडरीसारखी बारीक धूळ त्या छोट्या पंखावर बसली होती, आणि त्या पंखाला अंगावर काही सहन होत नाही. आम्ही ते कळवलं. आता त्या मंडळींच्या सूचनांत पाऊस आणि किडे यांच्या जोडीला धूळही आहे, आणि ती आमची आहे. मेधावहिनींनी पंखाला जुन्या चादरीचा अभ्रा शिवून दिला.

*

विमान उडालं त्याचा किस्सा नाही. ते धावलं, उडालं, गावाला वळसा घालावा तसं वाळवंटाला वळसा घालून सुरळीत उतरलं. सुरळीत गोष्टीत सांगण्यासारखं काय असतं? किस्सा त्याच्या आधीच्या आठवड्यातला आहे.

सगळं तयार होतं. मुकादमभाईंचा व्हिसा संपत आला होता, ते कायमचे निघणार होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकदाच काही मागितलं होतं, की ते उडताना बघायचंय. बू नासरांनी घरी विषय काढला. उम्म नासर म्हणाल्या, तो पंख ज्या बाईच्या घरात झाला तिला मला भेटायचंय. एकटीला.

आणि त्या खरंच खैतानला आल्या, काळा पायघोळ अबाया सावरत, चौथ्या मजल्यावर. सबनीसला आणि मला वहिनींनी आतल्या खोलीत घातलं. दार पूर्ण लागत नव्हतं, हे माझं नशीब. उम्म नासरांचं लहानपण मुंबईत गेलेलं, वडिलांचा तिथे व्यापार होता, त्यामुळे त्या हिंदी बोलत होत्या. भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. चहाला हात लावला नाही.

"मर्द लोग सब बोलते हैं सेफ है," त्या म्हणाल्या. "तुम सच बोलो, बेटी. तुम्हारे घर में बना. कैसा बना?"

सबनीसने माझा दंड इतका घट्ट धरला की मला ओरडावंसं वाटलं. मेधावहिनींनी हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दो बार बना. पहलावाला इन्होंने काट के फेंक दिया. मेरा हॉल और एक साल गया. मैं बहुत चिल्लाई."

"क्यों फेंका?"

"आप उसी पे बैठी हैं."

उम्म नासर उठल्या. वहिनींनी चादर काढली. कुठे बिघडलंय ते उम्म नासरांना दिसेना, म्हणून वहिनींनी त्यांच्या बोटातल्या अंगठीकडे खूण केली आणि वाजवून दाखवा म्हणाल्या. त्या वाकल्या. एका टोकापासून अंगठी आपटत निघाल्या. टण, टण, टण. आतल्या खोलीत आम्ही दाराच्या फटीला डोळे लावले. टण, टण. ठप.

त्या थांबल्या. तिथेच पुन्हा वाजवलं. ठप. तळहात त्या जागेवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "बस इतना?" त्यांनी विचारलं. वहिनींनी मान डोलावली.

मग उम्म नासर त्या ठप वाजणाऱ्या जागेवर जाऊन बसल्या. हळूच दोन्ही पाय जमिनीवरून वर घेतले, मांडी घातली, अबाया नीट केला, आणि गार झालेल्या चहाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बेटी, ये गरम करके लाओ."