हरिबामामाच्या बोटीचा फ्यूज

येरमाळ्याच्या चौकात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. जळलेला फ्यूज मी फेकत नाही, पत्र्याच्या डब्यात टाकतो. का टाकतो, मलाही माहीत नाही. किस्स्यांचंही तसंच होतं. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण एक दिवस डबा हलवला की खुळखुळ वाजतो. मी दोनाचे चार करून सांगतो, अशी माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण मांजरा नदीकाठच्या त्या गावातल्या बोटीच्या बाबतीत गाववाल्यांनी मला वाढवायला काही ठेवलंच नाही.

*

बोट आली ती ऐन उन्हाळ्यात, ट्रकवर बसून. पुरात माणसं काढायला सरकारनं दिलेली पांढरी फायबरची बोट, मागं इंजिन. नदीत तेव्हा पोरं क्रिकेट खेळत होती. मग बोट ग्रामपंचायतीसमोर लिंबाखाली विटांवर ठेवली. पूजेला म्हणून बोटीखाली पाणी पाहिजे, असं कुणीतरी काढलं, तर सरपंचांनी पिण्याच्या पाण्याचा टँकर थांबवून चार घागरी खाली ओतायला लावल्या. बायका कळश्या घेऊन रांगेत उभ्याच होत्या. एक म्हातारी म्हणाली, "बोटीला पाजलं, आता आमाला पाजा."

या बोटीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या हरिबामामांनी. आमच्या भागात पूर आला की माणसं काहिलीत बसवून पार करतात. काहील म्हणजे गुऱ्हाळात रस आटवायची मोठी लोखंडी कढई. अशाच एका पुरात मामांनी मामीला काहिलीत बसवलं आणि स्वतः पोहत ढकलत निघाले. मध्यात काहील कलंडली. मामा काठाला लागले, मामी लागल्या नाहीत. तेव्हापासून मामांचं एकच, गावाला बोट पाहिजे. बोट आली आणि सांभाळायला अर्थातच मामांकडं दिली.

*

बोटीत सर्चलाईट लावायला आणि बचाव करणाऱ्यांचे फोन चार्ज करायला एक सॉकेट पाहिजे होतं. गाडीत असतं तसलंच, बारा व्होल्टचं. ते काम माझ्याकडं आलं. मी बॅटरीपासून वायर काढली आणि वीतभर अंतरावरच फ्यूज बसवला. मामा शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"हे इवलंसं काय कामाचं?"

"मामा, फ्यूज म्हणजे घरातला म्हातारा. भार जास्त झाला की आधी हा जळतो, मग घर वाचतं."

"मग त्याला बॅटरीच्या उशाशीच कशापायी बशिवलास? तिकडं सॉकेटापाशी बशीव की."

"मधल्या वायरीला आग लागली तर तिकडं बसून तो काय करंल?"

मामांनी मान हलवली. "खरंय. म्हातारा दारातच बसलेला बरा. आत कोण शिरतंय ते तरी दिसतं."

*

पुढं लाईट जायला लागली. गावात अंधार आणि बोटीत करंट. गाव लिंबाखाली जमलं. एका सॉकेटवर फोनांचा असा घोस लटकला, की लांबून बघणाऱ्याला वाटावं लिंबाला वटवाघळं लागलीत. तेवढं फ्यूजनं सोसलं. मग सरपंचांचा पुतण्या संजूभाऊ आला. ज्याच्या बॅनरवर कायम 'भावी' असतं, तो. त्यानं इन्व्हर्टर जोडून त्यावर मिक्सर लावला. घरी पाहुणे होते, मसाला वाटायचा होता. मिक्सर एकदा गुरगुरला आणि सगळं गार.

दुसऱ्या दिवशी संजूभाऊ दुकानात. "मिस्त्री, तुमचा फ्यूज हलका निघाला."

"फ्यूज जळला म्हणजे चांगला निघाला, भाऊ."

"चांगला माल कधी जळतो व्हय?"

मी जळका फ्यूज डब्यात टाकला आणि नवा दिला.

*

पंधरवड्यानं मामा एसटीनं आले. टोपीच्या घडीतून एक खिळा काढून त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवला. इंचभराचा, एका बाजूनं निळा पडलेला.

"मिस्त्री, म्हातारा काढून हे बशिवलंय. आता जळत न्हाय म्हणून गाव खूश हाय."

मी गेलो, खिळ्याच्या जागी फ्यूज लावला, वर डबी बसवली, डबीला कुलूप ठोकलं. आठ दिवसांत कुलूप गेलं. मामांनी दुसरं लावलं, तेही गेलं. शेवटी मामा दिवसभर बोटीतच बसायला लागले. येणारा जाणारा विचारायचा, "मामा, कुठवर आली बोट?" मामा म्हणायचे, "हितंच हाय. तुमी कुठवर आलाव ते बघतोय."

*

इंजिन बटणावर चालू व्हायचं. बटण बिघडलंच, तर हातानं ओढून चालू करायला इंजिनाच्या मापाची एक दोरी दिलेली होती. एक दिवस ती दिसेना. शोधता शोधता सापडली नदीपलीकडं, संजूभाऊच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, वासराच्या गळ्यात.

मामांनी ग्रामसभेत विषय काढला. संजूभाऊ उठून म्हणाला, "नदीला पानी न्हाय. वासराला दावं तरी पायजे का नको?" सभा हसली. सरपंच म्हणाले, "मामा, बोट न्हवती तवा बोटीसाठी रडलाव. आता बोट हाय तर दोरीसाठी रडताव. तुमाला रडायलाच पायजे का?"

सभा पुन्हा हसली. मामा खाली बसले, दोरी वासराच्या गळ्यातच राहिली. त्या दिवशी मी पण सभेत होतो. मी हसलो नाही, एवढं वाढवून सांगायला हरकत नाही.

*

संजूभाऊचा वाढदिवस बोटीवरच झाला. झुरमुळ्या, लायटिंग आणि दोन भलेमोठे स्पीकर. मामा त्या दिवशी लेकीकडं मुरुमला गेले होते. मुहूर्त बघूनच तारीख धरली असणार. फ्यूज काढला, खिळा बसला. केक कापताना बोटीतून धूर निघाला. पोरांना वाटलं इफेक्ट आहे. टाळ्या पडल्या.

मी जाऊन बघितलं. सॉकेटची वायर लाल होऊन वितळली होती आणि जाताना शेजारच्या इंजिनाच्या वायरी घेऊन गेली होती. बॅटरी फुगलेली, बटण मेलेलं. मी सरपंचांना म्हणालो, "सगळी वायरिंग नवी लागंल, बॅटरी पण. त्याबिगर इंजिन चालू व्हायचं न्हाय."

सरपंच म्हणाले, "लावू की. पावसाळा तर येऊ द्या."

*

आला. तीन दिवस उघडला नाही. चौथ्या सकाळी मामांचा फोन, "मिस्त्री, वायर घिऊन ये." मी गाडीतलीच बॅटरी आणि वायरचं बंडल घेऊन पोचलो, तर पाणी लिंबापर्यंत आलेलं. पलीकडं आखाड्याच्या पत्र्यावर संजूभाऊ, त्याची बायको आणि दोन वर्षांचं पोरगं. पत्र्याला हातभर पाणी कमी होतं.

मी बटणाच्या वायरी उकलायला लागलो. सगळ्या एकमेकींना चिकटून कोळसा झालेल्या.

"किती येळ?" मामांनी विचारलं.

"दुपार होईल."

"दोरीनं?"

दोरी वासराच्या गळ्यात होती. आणि वासरू पलीकडं, कुठं ते पाण्यालाच माहीत.

मामांनी एकदा बोटीकडं बघितलं. मग गुऱ्हाळाकडं गेले. तिथं ती काहील पालथी पडली होती. तीच. मामीनंतर मामांनी तिला हात लावला नव्हता. चौघांनी ती उचलून पाण्यात सोडली. सत्तरीचा माणूस, कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधून, कड धरून पोहत निघाला. सोलाचं दुसरं टोक आम्ही काठावर धरलं. पहिल्या खेपेला बायको आणि पोरगं आलं. येताना मध्यात काहील कलंडली, सावरली. दुसऱ्या खेपेला संजूभाऊ आला, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरलेला.

मामा काठाला लागले आणि चिखलातच बसले. छाती भात्यासारखी हलत होती, काहिलीची कड अजून हातातून सुटत नव्हती.

संजूभाऊ उतरला. बायकोकडं गेला नाही, पोराकडं गेला नाही. सरळ बोटीत चढला, खिशातून चार्जर काढला, पुसला, सॉकेटमध्ये खुपसला. एकदा हलवून बघितलं, दोनदा हलवून बघितलं.

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मिस्त्री, म्या तवाच म्हनलो होतो. तुमचा फ्यूज हलका हाय."