खापरपणजोबांचं नाव

माझ्या नवऱ्याला स्वस्थ बसता येत नाही. अश्वजित जर्मनीत डार्मश्टाटला उपग्रह सांभाळणाऱ्या केंद्रात इंजिनियर आहे. तिथे दिवसभर खुर्चीला खिळलेला असतो म्हणून की काय, घरी आला की पायाला भिंगरी. त्यात २०१४ साली त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. जेवणाच्या सुट्टीत एका जर्मन सहकाऱ्याने आपल्या दहा पिढ्या घडाघडा सांगितल्या आणि विचारलं, "तुझ्या?" आमची गाडी आजोबांपाशीच अडली.

खापरपणजोबांबद्दल घरात एवढंच ठाऊक होतं, की ते रत्नागिरीकडचं गाव सोडून इंग्रजांच्या पलटणीत पायोनियर झाले. फौजेच्या पुढे जाऊन रस्ते करायचं काम. सुट्टीवर आले की महारवाड्यातल्या मुलांना अक्षरं शिकवायचे. आमच्या घरात वाचणं आलं ते त्यांच्यामुळे, आणि त्यांचंच नाव कुणाला माहीत नाही!

अश्वजित पलटणींच्या जुन्या नोंदींत आमचं आडनाव, 'भांबेडकर', शोधत बसला. डार्मश्टाटात बसून उंटावरून शेळ्या हाकणं. सापडणार काय, कपाळ? ते आडनाव घरच्यांनी पुढे त्यांच्या मुलाला शाळेत घालताना गावावरून लावलेलं. हेही माझे सासरे यादवराव आमच्याकडे राहायला आले तेव्हा कळलं.

"मग बाबा, त्यांचं नाव काय होतं?"

"आठवत नाही रे."

बाबांना चौथीतल्या कविता अजून पाठ आहेत. पणजोबांचं नाव तेवढं आठवत नाही, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण मी गप्प बसले. अश्वजित बसला नाही. बाबांचं परतीचं विमान जवळ आलं तसा तो सैरभैर झाला. या वयात त्यांना पुन्हा एवढा प्रवास झेपणार नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यांच्याबरोबर नावही जाणार होतं.

निघायच्या दिवशी बॅगा दाराशी, टॅक्सी यायची, आणि हा बाबांसमोर उभा. "बाबा, तुम्हाला माहीत आहे. का सांगत नाही?"

"रायनाक!" बाबा ओरडले. "रायनाक होतं. झालं समाधान?"

मग सोफ्यावर बसून, कुणाकडे न बघता सांगायला लागले. आपल्यात पूर्वी नावापुढे नाक लावायचे. नायकाचं नाक झालं म्हणतात. शाळेत सगळी पोरं आपापल्या पूर्वजांच्या बढाया मारत होती. लहानग्या यादवनेही छाती काढून सांगितलं, माझे पणजोबा रायनाक, पलटणीत होते. सबंध वर्गाने नाकं दाबून धरली. मास्तरांनीसुद्धा.

"परत कधी उच्चारलं नाही," बाबा म्हणाले.

अश्वजितचा चेहरा पडला. मला त्याचा राग आला आणि कीवही.

आमची ऊर्मिला नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. ती आजोबांना बिलगली. "आल्झो, दान साग इश नूर राय." म्हणजे, मग मी नुसतं राय म्हणेन.

तिला ते मराठीत सांगावं लागलं नाही; जर्मन न येणाऱ्या बाबांना शेवटच्या 'राय'वरूनच कळलं. ते ताठ बसले.

"नुसतं राय नाही," त्यांनी तिला दटावलं. "नाकासकट म्हण."