रिकामी गाडी कशी चालते

मी सातवीत असताना आप्पांची मिल बंद पडली. आप्पा म्हणजे माझे वडील. सुरतेजवळ पलसाण्याला हायवेलगत कापड रंगवायच्या ज्या मिली आहेत, त्यांतल्या एकीत ते मशीनवर होते. घरी आले की त्यांचे हात बघून कळायचं, आज कुठला रंग चढला ते. मिल बंद झाली आणि हळूहळू त्यांचे हात पुन्हा हातांच्या रंगाचे झाले. ते बघून आईला रडू यायचं. चांगल्या स्वच्छ हातांची भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत राहायचो. आई घरी बसून साड्यांचे धागे कापायची. मंदीत ते कामही आटलं. गावाहून, शिरपूरकडून, मामांनी पाठवलेल्या पिठाच्या भाकरी आणि त्यावर ठेचा, यावर आमचे कितीतरी महिने गेले. मी तक्रार करत नाही. ठेचा मला आजही आवडतो. पण रोज आवडायचा असं नाही.

त्या दिवसांत ओळीतले लोक आप्पांना सांगायचे की पोराला खात्यात घाल. खातं म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. माझ्या वयाची दोन-तीन मुलं तिकडे जातही होती. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, घरात चूल पेटावी एवढंच त्यांचं म्हणणं. आप्पा ऐकून घ्यायचे आणि दर वेळी आमच्या अहिराणीत एकच उत्तर द्यायचे.

"तो शायमाच जाई."

तो शाळेतच जाणार. त्यावर त्यांनी कधी कारण दिलं नाही, भाषण केलं नाही. पुढे दुसऱ्या मालकाने मिल चालू केली, आप्पा परत लागले, हात परत रंगले. पण मधल्या काळात ते वाक्य जरा जरी डगमगलं असतं, तर मी आज हे लिहीत नसतो. माझ्या आयुष्यात मला जे काही मिळालं, त्यात सगळ्यात आधी मी ते वाक्य धरतो.

शाळा माझी गुजरातीत झाली. मराठी वाचायला शिकलो ते सुट्टीत, मामांकडे येणाऱ्या पेपरावर. पेपरात माझं लक्ष गाड्यांच्या जाहिरातींकडे. गाड्यांचं वेड कुठून आलं, असं मला पुष्कळ जण विचारतात. हायवेच्या कडेला वाढलेल्या पोराला दुसरं कसलं वेड लागणार? आमच्या ओळीसमोरून नव्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर जायचे, गाड्या दोन मजल्यांवर बांधलेल्या, काचांना अजून प्लॅस्टिक. दुरून नुसते दिवे दिसले तरी मी गाडी ओळखायचो. पैज लावायला कुणी भेटायचं नाही, कारण मी हरत नव्हतो.

आईकडे येणाऱ्या साड्यांच्या गठ्ठ्यात पुठ्ठ्याची कार्डं असायची. एका बाजूला साडी नेसलेली बाई, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी गाडी काढायचो, पुढच्या कार्डावर तीच गाडी जराशी पुढे, त्याच्या पुढच्यावर आणखी पुढे. गठ्ठा अंगठ्याने सोडला की गाडी पळायची. आई कार्ड उलटं करून बघायची आणि म्हणायची, "बाईना आंगवर गाडी घाली दिधी का रे?"

बी.कॉम. केलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी जिथे तिथे सांगतो, समोरच्याला कंटाळा आला तरी सांगतो. कॉलेजचा अर्ज कसा भरायचा, विषय कोणते घ्यायचे, हे विचारायला घरात माणूस नव्हतं. मी रांगेत पुढच्या मुलाने जे भरलं ते बघून भरलं. तो बी.कॉम.ला निघाला म्हणून मीही. तो जर विज्ञानाला निघाला असता तर माझं काय झालं असतं, देव जाणे.

पदवीनंतर सुरतेत रिंग रोडच्या मार्केटात एका साडीवाल्या शेठकडे लागलो. साड्यांचे छोटे व्हिडिओ करायचे. पदर हवेत उडवायचा, सोनेरी अक्षरं फिरवत आणायची, मागे संगीत. शेठ माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि त्यांची एकच मागणी असायची, "पल्लू हजी उडाड ने!" पदर आणखी उडव. मी इतका उडवायचो की बाई साडीसकट निघून जाईल असं वाटायचं. पण त्या शेठनी एक मोठी गोष्ट केली. रविवारी मार्केट बंद असताना त्यांनी ऑफिसची चावी मला देऊन टाकली. कॉम्प्युटर चांगला होता, आणि घरी माझ्याकडे त्या ताकदीचा नव्हता. रविवारी मी साड्या बाजूला ठेवायचो आणि गाड्या करायचो. तापीच्या पुलावरून जाणारी गाडी, पावसात वायपर फिरवणारी गाडी, वळणावर दिवे टाकणारी गाडी. कुणी मागितलेल्या नव्हत्या. माझ्या मीच.

एकदा आप्पांनी विचारलं, "तू तठे नेमका काय करस?"

"चित्रं हलवतो."

"कोन हालवाले सांगस?"

"शेठ."

"मंग ठीक शे," आप्पा म्हणाले. कुणीतरी सांगतंय म्हणजे ते काम. रविवारच्या गाड्या मला कुणी सांगत नव्हतं, म्हणून त्या मी त्यांना दाखवल्याच नव्हत्या.

मग सुरतेतल्याच वेसू भागातल्या एका स्टुडिओची खबर लागली. लहानच जागा, पण काम गाड्यांच्या कंपन्यांचं. गाडीच्या आत स्टेअरिंगशेजारी जो पडदा असतो, त्यावर जे काही दिसतं आणि हलतं, ते तिथे बनायचं. त्यांना एक मोशन डिझायनर, म्हणजे चित्रं हलवणारा, हवा होता. मी रविवारच्या गाड्या पाठवल्या. त्यांनी बोलावलं आणि परीक्षेसाठी काम दिलं. एक साधी गाडी, साध्या रस्त्यावरून, डावीकडून उजवीकडे जाऊ दे. बस. गाडी गाडीसारखी वाटली पाहिजे.

मला ती नोकरी हवी होती. शेठचं काही वाईट नव्हतं, पण पदर उडवत म्हातारा व्हायचं, का जे लहानपणापासून डोक्यात आहे त्यावर पोट भरायचं, हा सवाल होता. असा दरवाजा सुरतेत रोज उघडत नाही. मी जीव लावून ती गाडी केली. रंग, काचेवरचं आभाळ, चाकांची चमक, सगळं. इतकी चांगली गाडी मी आधी कधी केली नव्हती.

स्टुडिओच्या मॅडमनी ती पाहिली. चष्मा कपाळावरून खाली घेतला, परत पाहिली. आणि म्हणाल्या, "भाई, आ गाडीमां पाछळ शुं भर्युं छे? बटाकानी गुणी?"

मागे काय भरलंय, बटाट्याचं पोतं? शेजारच्या टेबलांवरची दोघं हसली. मला हसण्यासारखं काही दिसेना. "कुठे, मॅडम?"

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मागचं चाक वरच्या पत्र्यात शिरलं होतं आणि गाडीचं नाक आभाळाकडे होतं. "आखी पाछळथी बेसी गई छे. नवी गाडी छे ने? स्प्रिंग तूटी गई?" नवी गाडी, आणि अख्खी मागून बसलीय, स्प्रिंग तुटली का? मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, हात चांगला आहे, सोमवारी नीट करून आण, मला आणखी दोघांचं काम बघायचंय.

खरं सांगतो, मी घरी येईपर्यंत लॅपटॉप कितीदा तरी उघडून पाहिला आणि मला ती गाडी अगदी बरोबर दिसत होती. बरोबर दिसणारी गोष्ट दुरुस्त कशी करायची? घरी आल्यावर मी पहिल्यांदाच माझी गाडी आप्पांना दाखवली. म्हटलं, "यात काही चुकलंय का बघा."

त्यांनी मन लावून पाहिली. "नही. भारी शे." आणि मग अगदी सहज विचारलं, "मांगे कोन बसेल शे?"

मागे कोण बसलंय! म्हणजे त्यांच्या डोळ्यालाही गाडी बसलेली दिसत होती, फक्त त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. मागे कुणीतरी असणारच. गाडीत मागे कुणी नसतं असं कधी झालंय?

मग मला माझंच हसू आलं. कानबाईच्या सणाला, लग्नाला, दहाव्याला, आम्ही गावी गेलो ते एकाच गाडीत अख्खी भावकी कोंबून. मांडीवर पोरं, पायाशी पिशव्या, टपावर गाद्या. हायवेवरून सुसाट गेलेल्या गाड्या मी हजारो पाहिल्या, पण त्या दिवे आणि आवाज. जवळून, निवांत, बसायच्या आधी आणि उतरल्यावर पाहिली ती आमचीच गाडी, आणि ती कायम मागून बसलेली. ट्रेलरवरच्या नव्या गाड्यासुद्धा पट्ट्यांनी खाली आवळलेल्या असायच्या. मी गाड्यांचा एवढा वेडा, पण रिकामी गाडी धावताना कशी दिसते हे मी कधी बघितलंच नव्हतं.

शेजारी नाना राहायचे. पलसाणा ते चलथाण, पुढे सुरत, अशी त्यांची शेअरिंगची व्हॅन चालायची. रविवारी सकाळी मी त्यांना गाठलं.

"नाना, गाडी जरा रिकामी चालवून दाखवा ना."

"रिकामी? म्हनजे मी बी नही का?"

"तुम्ही हवेत. पॅसेंजर नको."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना उघडं फिरायला सांगितलंय. पण आले. चलथाणच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक स्पीडब्रेकर होता. मी फोन विटेवर टेकवून कडेला बसलो. नाना लांबून वळून आले, आणि मागच्या सीटवर टोपल्या घेतलेल्या दोन बाया.

"नाना!"

"अरे, हात करा त्यासनी! तोंड फिराई लेऊ का मी?" बायांनी हात केला, मग तोंड कसं फिरवायचं, असं त्यांचं म्हणणं.

बायांना चलथाणला सोडून परत आले. दुसऱ्यांदा आले तर ऊसतोडीला आलेलं एक कुटुंब, कोयत्यांसकट. त्यांनी मला बसल्या बसल्या रामराम केला. मी कपाळाला हात लावला. तिसऱ्या फेरीला मात्र नानांनी मन घट्ट केलं. वाटेत एकाने हात केला तर खिडकीतून ओरडून सांगितलं, "जागा नही शे!" त्या माणसाने अख्ख्या रिकाम्या व्हॅनकडे बघितलं आणि मागून जी शिवी हासडली, ती माझ्या व्हिडिओत रेकॉर्ड झाली आहे.

पण त्या फेरीला मी गाडी पाहिली. रिकामी गाडी मागून उचललेली असते. ब्रेकरवर तिचं पुढचं चाक चढलं, उतरलं, आणि मागचं चाक आलं तेव्हा मागचा भाग चक्क उडाला. सुटलेल्या वासरासारखा. मग एकदा खाली, एकदा वर, आणि शांत. नानांना मी आणखी फेऱ्या मारायला लावल्या. दर फेरीला ते म्हणायचे, "लोके काय म्हनतीन, नानानी गाडीमा कोनीच बसत नही." बदल्यात त्यांनी फक्त चहा घेतला. त्या चहाचं ऋण माझ्यावर अजून आहे आणि राहू दे.

सोमवारी नवी गाडी घेऊन वेसूला गेलो. रंग तोच, काच तीच, रस्त्यावर फक्त एक ब्रेकर वाढवला होता. मॅडमनी पाहिली. चष्मा वर केला.

"हवे चाली," त्या म्हणाल्या. आता चालली.

मग विचारलं, आधी असं का केलं होतंस? मी सगळं सांगितलं, आप्पा, भावकी, नाना, शिवीसकट. लपवण्यासारखं त्यात काय होतं? त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलांवरची ती दोघं उठून आली. म्हणाल्या, "साची वात छे. आपणे त्यां गाडी खाली क्यां चाले छे?" खरंय, आपल्याकडे गाडी रिकामी चालते कुठे? आणि दोन्ही गाड्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. निघताना सांगितलं, "कालथी आवी जा." उद्यापासून ये.

मी खाली रस्त्यावर आलो आणि कुणाला आधी सांगावं ते सुचेना. आईला फोन लावला. ती म्हणाली, "जेवलास का?"

वर्षभराने आमच्या स्टुडिओचं काम असलेली गाडी बाजारात आली. आई-आप्पांना घेऊन मी शोरूमला गेलो. घ्यायला नाही, बघायला, हे मी दारातच सांगून टाकलं. तिथल्या मुलाने तरी आदराने दार उघडलं. आप्पांनी चपला बाहेर काढल्या आणि स्टेअरिंगसमोर बसले. आई मागे बसली. एवढी मोठी सीट, ती एकटी, तरी सरकत सरकत पार कोपऱ्यात गेली आणि पिशवी मांडीवर घेतली. मी म्हटलं, "आई, नीट पसरून बस, कुणी येणार नाहीये." ती म्हणाली, "असू दे रे."

मी आप्पांना बटण दाखवलं. त्यांनी दाबलं. पडदा उजळला, त्यावर एक छोटी गाडी आली, थांबली, तिचे दिवे लागले.

"हाई तू करेल शे?"

"हो, आप्पा."

"कोनी सांगं?"

"कंपनीने."

त्यांनी ते परत परत बंद-चालू करून बघितलं. शोरूमच्या मुलाने ते करू दिलं, त्याचेही आभार.

मी आज त्याच स्टुडिओत आहे. कापड मिलमधल्या कामगाराचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर, पेशाने मोशन डिझायनर. ती गाडी आता सुरतेच्या रस्त्यांवर धावते, आणि चालू केल्यावर तिच्या पडद्यावर जे हलतं ते माझं काम आहे.