शेवटचा तांब्या

बाळाला पुसायला मी पंचा उचलला, तशा आजी म्हणाल्या, "थांब. शेवटचा तांब्या घरचा."

सूनबाईंनी बाळ माझ्या पायांवरून उचललं आणि पाटावर धरलं. आजींनी देवघरातून आणलेला तांब्या त्याच्या डोक्यावरून ओतला. गार पाणी, कोल्हापुरातली थंडी. नुकतं डोळे मिटायला लागलेलं लेकरू किंचाळून उठलं.

मी बाळं-बाळंतिणी न्हाणते. हे काम सासूबाईंनी शिकवलं. आधी स्वतःचे हात शेगडीवर ऊन करायचे, मग तेल. छाती, पोट, हात-पाय, शेवटी पाठ. जोर लावायचा नाही. बाळ आपणहून मुठी सोडतं, तेव्हा समजायचं की अंग मोकळं झालं. सगळं क्रमानं. मला क्रम लागतो. त्यामुळे शेवटचा तांब्याही मी क्रमात बसवला. मोठ्या घरांची रीत असेल, देवाचं पाणी असेल. त्याच दिवसांत दुसऱ्या एका घरात तर आंघोळ उरकल्यावर मीच हाक मारली, "आजी, या. शेवटचा तांब्या घरचा असतो." त्यांनीही ओतला. का, म्हणून विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. मला नव्हतं.

तेलाच्या घाण्यावर सुशाक्का भेटायची. हेच काम करणारी, जातीनं मराठा, तोंडानं फटकळ. एकदा मी सहज विचारलं, "अक्का, तुमच्याकडं शेवटचा तांब्या कोण ओततं?"

"कसला तांब्या?"

मी पहिल्या घरातलं सगळं सांगितलं. ती आधी हसली. "आगं येडे, न्हालेलं पोर परत कोण न्हाणतंय? त्याच घरातली थोरली नात म्याच न्हाणली की! तितं असलं काय बी नव्हतं." मग तिचं हसू थांबलं. माझ्याकडे न बघता तिनं बाटलीचं बूच दाबलं. "चल, मला उशीर व्हतोय."

आम्ही बौद्ध. ते बाळावरून माझा हात धुवत होते. आणि तो धुवायला मी माझ्या तोंडानं हाक मारून बोलावत होते.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या घरी नेहमीसारखी गेले. न्हाऊ घातलं. आजी तांब्या घेऊन दारात आल्या, तेव्हा बाळ पंच्यात गुंडाळून मी छातीशी धरलं होतं.

"आंघोळ झाली, आजी."

"कुठं झाली? खाली ठेव त्याला."

"माझ्या हातानं बाळ बाटतंय, तर रोज सकाळी फाटकात उभं राहून माझी वाट कशाला बघता?"

"लई बोलायला लागलीस की गं!"

सूनबाई कॉलेजात शिकवायच्या. मला अहो-जाहो करायच्या. हळूच म्हणाल्या, "आईंच्या समाधानासाठी असतं हो ते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

म्हणजे यांनाही माहीत होतं. आणि रोज पाटावर बाळ याच धरत होत्या.

मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. म्हटलं, "कोरडं दिलंय. आता ओतायचं तर ओता. पण कशासाठी ओतताय, ते तोंडानं सांगा, मग ओता."

सूनबाई पंच्याची टोकं सारखी करत राहिल्या. मी चपला घातल्या. फाटकापर्यंत पोचले, तेव्हा आतून बाळाची किंकाळी आली. ओतलं त्यांनी. मी मागं वळले नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. काम सोडलेलं नाही. हात माझे आहेत, विद्या माझ्या सासूची आहे, मी का सोडू? बोलावणं आलं की उंबऱ्याबाहेर उभी राहून आधी जात सांगते. काहीजणी तिथूनच परत पाठवतात. बऱ्याचजणी गोड हसून म्हणतात, "अहो, आम्ही असलं काही मानत नाही."

मानत नसाल तर उत्तम. पण ते तुम्ही सांगून ठरणार नाही. ते मी ठरवीन, तुमच्या न्हाणीत बसून. आणि खोटं निघालं, तर आंघोळ अर्धी टाकून उठेन.