आईचं ठरलंय

लातुरात मी इतिहास शिकवतो असं सांगितलं की समोरचा काहीतरी बोलायचं म्हणून विचारतो, "मुलगा नीटच्या कुठल्या क्लासला?" सगळं शहर डॉक्टर व्हायच्या मागं लागलेलं. माझ्या वर्गात येतात ती पोरं बहुतेक कुठंच नंबर न लागलेली. पण त्यांच्यापुढं अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणं मी झकास शिकवायचो. हे मी स्वतःच म्हणतोय, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.

झोपेतून उठवलं तरी ती कारणं क्रमानं सांगेन. इंग्लंडवर चढलेला युद्धाचा खर्च, तो वसाहतींकडून काढायला लावलेले कर, कागदपत्रांना चिकटवायचे स्टँप, सैन्याच्या राहण्याखाण्याचा बोजा, आणि हे सगळं जिथं ठरायचं त्या लंडनच्या पार्लमेंटात वसाहतींचा एकही माणूस नाही. चहाच्या करापाशी आलो की माझा खेळ असायचा. विचारायचो, "चहा महाग झाला म्हणून त्यांनी तो समुद्रात फेकला, बरोबर?" सगळा वर्ग हो म्हणायचा. मग खडू खाली ठेवून म्हणायचो, "चूक. चहा उलट स्वस्त झाला होता. मग का फेकला?" वर्ग गार. ती शांतता मला फार आवडायची. थोडा वेळ ती चाखून मग मी सांगायचो, "स्वस्त-महाग हा प्रश्नच नव्हता, बाळांनो. त्यांना विचारलं नव्हतं."

घरी मात्र आमच्याकडं कुणी कुणाला विचारत नसे. आमच्याकडं गोष्टी ठरायच्या.

वडील अहमदपूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. आयुष्यभर लोकांची पोती काट्यावर चढवली, उतरवली, आणि यार्डामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. ते गेल्यावर आईला तिथं एकटीला ठेवणं बरं दिसत नव्हतं. "दिसत नव्हतं" हाच शब्द आम्ही वापरला होता. मी लातुरात, धाकटा भाऊ नांदेडला बँकेत, बहीण निलंग्याला सासरी. तेव्हा आई थोडे दिवस लातूरला आणि थोडे दिवस नांदेडला राहील असं ठरलं. घराची किल्ली शेजारच्या खालाकडं ठेवायची, तिनं अधूनमधून झाडून घ्यायचं, असंही ठरलं. खाला आणि आई त्या गल्लीत नव्या नवऱ्या म्हणून एकाच साली आल्या होत्या; आई तिला भाभी म्हणते, ती आईला आक्का.

हे ठरवायला व्हॉट्सॲपवर आमचा एक ग्रुप होता. मी, भाऊ, दोघांच्या बायका आणि बहीण. ग्रुपचं नाव "आई". आईच्या गोळ्या, आईचा चष्मा, आईला नांदेडला कधी पाठवायचं, आईनं उपास धरावेत की नाही, सगळं त्यात चालायचं. आई त्यात नव्हती. तिच्याकडं फोन होता, नातवानं घेऊन दिलेला. ती त्यावर कीर्तनं ऐकायची. वाचायला तिला जड जातं, पण आवाजाचा मेसेज आला तर बोट लावून ऐकता येतो. तिला ग्रुपमध्ये घ्यावं असं आम्हा पाचजणांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि माझं तर पोटच पार्लमेंटातल्या प्रतिनिधित्वावर भरतं.

त्या दिवशी कॉलेजच्या गेटापाशी गाडी उभी करून मी घाईघाईत ग्रुपवर बोलून ठेवलं. म्हणालो, "ऐका, अहमदपूरचं घर आता भाड्यानं देऊन टाकायचं ठरलंय. रविवारी जाऊन मी खालाकडून किल्ली आणतो. त्याआधी आईला गाडीत बसवून नांदेडला पाठवतो. तिला आत्ताच कुणी सांगू नका, उगं कटकट करत बसल. तिचं काय, तिला कुठं बी ठेवलं तरी राहती ती."

तास संपवून आलो आणि कुणी काही उत्तर दिलंय का म्हणून फोन उघडला. माझ्या फोनमध्ये ग्रुपही "आई" आणि आईचा नंबरही "आई". मेसेज आईला गेला होता. माईकचं चिन्ह निळं झालेलं. म्हणजे तिनं तो ऐकलाही होता.

स्टाफरूममध्ये समोरच्या खुर्चीवर इंग्रजीचे सर भेळ खात होते, आणि माझ्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं कळलंय असं मला वाटलं. मेसेज पुसून टाकावा म्हणून बोट वर नेलं आणि थांबलो. पुसला की पुसल्याची खूण मागं राहते. इतिहासाच्या माणसाला एवढं कळतं. मग संध्याकाळपर्यंत मी मनातल्या मनात दुसरंच काहीतरी मागत बसलो. नीट ऐकू आलं नसावं, ती कानानं जरा अधूच आहे, तिनं नुसतं बोट लावलं असेल आणि फोन ठेवून दिला असेल. स्वतःच्या आईचे कान आणखी थोडे खराब असते तर बरं, असं मला त्या दिवशी वाटलं. हे लिहितानाही माझी मान वर होत नाही.

घरी आई नेहमीसारखीच होती. तिनं मला पाणी दिलं. "आज उशीर झाला," एवढंच म्हणाली. मला इतकं हायसं वाटलं की रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. नांदेडला जायचंय म्हटल्यावर तिनं निमूटपणे दोन पिशव्या भरल्या. शनिवारी मी तिला नांदेडच्या गाडीत बसवलं, खिडकीची जागा बघून दिली, भावाला गाडीचा नंबर कळवला. तिनं खिडकीतून माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, माया.

लातूरहून नांदेडला जाणारी गाडी अहमदपूरच्या स्टँडात जाते. गाडी नांदेडला पोचली तेव्हा त्यात आई नव्हती. भावाचा फोन आला, "दादा, खिडकीत दुसरीच बाई बसलीय. कंडक्टर म्हणतोय, म्हातारी अहमदपूरला उतरली." मी आईला फोन लावला, उचलला नाही. मग खालाला लावला.

"हाव बेटा, हितंच हायत आक्का," खाला म्हणाली. "काय बी घाबरू नको. निवांत चाय पिऊन राहिल्या."

मला राग आला. आधी काळजी वाटायला हवी होती. ती नंतर, गाडीत बसल्यावर वाटली. राग अशासाठी की भावाच्या बायकोच्या माहेरचे त्या दिवशी नांदेडला आले होते, त्यांच्यासमोर तमाशा झाला. आता बहिणीच्या सासरी कळणार, कॉलनीत कळणार, दोन-दोन पोरं असून म्हातारी बंद घरात जाऊन राहिली म्हणणार. अहमदपूरपर्यंत मी भाषण जुळवत गेलो.

घराचं दार सताड उघडं होतं. आई आणि खाला समोरासमोर बसून सुपात तूर निवडत होत्या. मी चपला काढायच्या आतच सुरू झालो. "आई, हे काय वागणं झालं? तिकडं धाकटा स्टँडवर येड्यागत फिरून राहिला. लोकांना काय सांगायचं आम्ही?"

"काय सांगायचं ते बी ठरवा की," आई म्हणाली. "तुमचं ठरतंच."

"काय कमी केलं तुला? दोन्हीकडं तुझी खोली हाय, गोळ्या-औषधं टायमावर, गरम पाणी..."

"काय बी कमी न्हाई. लई केलं." तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "पर कधी मला ईचारलं?"

"अगं, सगळ्यांचं मिळून ठरलंय ना ते."

"सगळ्यांचं म्हंजे कुनाचं? मी हुते का त्यात?"

मी म्हणालो, "म्हणजे तसं नाही, ते आपोआपच..."

आईनं उशाखालून फोन काढला. सावकाश बोट फिरवत ती तिथं पोचली. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळं फोनचा आवाज कायम पुरा सोडलेला असतो. त्या दोन खोल्यांच्या घरात माझा आवाज घुमला. घर आता भाड्यानं देऊन टाकायचं ठरलंय. सांगू नका, उगं कटकट करत बसल. स्वतःचा आवाज असा बाहेरून मी कधी ऐकला नव्हता. एखादा कामसू, चटपटीत माणूस गोदामातला माल कुठं हलवायचा ते सांगतोय, असा तो आवाज होता. शेवटचं वाक्य यायच्या आधी खाला सूप घेऊन उठली आणि "दूध उतू जातंय वाटतं" म्हणत आपल्या घरात गेली. तिच्या घरात तेव्हा चूल पेटलेली नव्हती हे दारातून दिसत होतं. ती माझ्यासाठी उठली होती. लहानपणी तिनं मला अंघोळ घातलीय. मी तोंड लपवायच्या आधी तिनं ते झाकायला बघितलं, याची मला सगळ्यात जास्त शरम वाटली.

"तिला कुठं बी ठेवलं तरी राहती ती," फोन म्हणाला आणि थांबला.

"ऱ्हायले की," आई म्हणाली. "तुझ्या बापाचं वर्सश्राद्ध झाल्यापून ऱ्हायले. तुझ्या घरी चहा करायचा तर सूनबाई कधी उठल ते बघत बसायचं. तिकडं नांदेडला टीवीचा आवाज वाढवला का धाकटा लगीच बारीक करतो. त्याचं काय न्हाई रे. पर हे घर बी देऊन टाकनार, आन मला गाडीत बसवून सांगनार?"

मी खाली बसलो. काहीतरी देऊन टाकावं, लगेच, असं मला झालं. म्हणालो, "आई, चुकलं. तुला आत्ताच्या आत्ता ग्रुपात घेतो. इथून पुढं सगळं तुझ्यासमोर बोलू."

ती माझ्याकडं बघून हसली. त्या हसण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "आता काय करू तिथं येऊन?" ती म्हणाली. "माझं ठरलंय. मी हितंच ऱ्हानार."

तब्येतीचं मी बोलून बघितलं. दवाखाना पुढच्याच गल्लीत आहे म्हणाली, भाभी भिंतीला भिंत लावून आहे म्हणाली. मग उठून तिनं पिठलं टाकलं आणि मला जेवायला वाढलं. मी ताटाकडं बघत जेवलो. किल्लीचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही. ती तिच्या कमरेला होती. निघताना मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो."

"यायच्या अगुदर फोन करून ईचार."

"त्यात काय विचारायचं, आपलंच घर..." म्हणालो आणि चपला पायात सरकवल्या.

सोमवारी वर्गात तोच धडा होता. नोट्समधली वाक्यं वाचायला लागलो. वसाहतींत सैन्य ठेवण्याचे ठरले. चहावरील कर कायम ठेवण्याचे ठरले. माझ्याच हातच्या नोट्स, वर्षानुवर्षं मुलं उतरवून घेतायत. ठरले, ठरले, ठरले. ठरवणारा माणूस कुठं नाहीच. चहाचा प्रश्न मी विचारलाच नाही. औशाहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी आहे, तिनंच हात वर करून विचारलं, "सर, त्यांना पार्लमेंटात चार-दोन जागा देऊन टाकल्या असत्या तर मिटलं असतं का?" उत्तर मला पाठ होतं. "बघून सांगतो," म्हणालो आणि फळ्याकडं तोंड केलं.

रविवारी सकाळी तयार होऊन बसलो. बायकोनं धपाटे बांधून दिले होते. तिनं ते स्वतःहून केले, मी सांगितलं नव्हतं. मी आईला फोन लावला आणि म्हणालो, "आई, आज येऊ का?" हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो, ते नीट यावं म्हणून न्हाणीघरात एकदा म्हणून बघितलं होतं.

"आज नगं," आई म्हणाली.

"का गं? बरं नाही का?"

"बरी हाय की. आज नगं, येवढंच."

मागं खालाचा आवाज येत होता, आणखी कुठल्या तरी बायका हसत होत्या. मी "बरं" म्हणालो. जन्मल्यापासून तिनं मला कधी नको म्हटलं नव्हतं. अपरात्री पाहुणे घेऊन गेलो तरी नाही, तिचे दागिने मागितले तरी नाही. का नको ते पुन्हा विचारायचं माझ्या तोंडी आलं होतं, पण तसा हक्क माझ्याकडं उरलाय की नाही हेच कळेना.

फोन ठेवून धपाट्यांचा डबा हातात धरून बसलो. बायको आतून आली. "निघाला नाहीत अजून?"

"आज गाड्या कमी आहेत म्हणे," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातातला डबा घेतला आणि उघडून ओट्यावर ठेवला. लातूरहून अहमदपूरला दिवसभर गाड्या असतात, हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे.