बिनखिळ्याचा पाट

मिठबावच्या परशुराम मेस्त्रींचा सुतारकामाचा उजवा हात दिवाळीनंतर अर्धांगाच्या झटक्यात लुळा पडला तो पडलाच. पाय थोडा सावरला, बोलणं जड झालं तरी समजण्यापुरतं राहिलं. त्यांची बायको रसिका म्हणायची, "देवान हात नेल्यान, जीभ ठेवल्यान. माझ्या वाट्याक जीभ इली." म्हणताना हसायची, पण ते हसणंही दमलेलं. त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, पेज भरवायची, मग देवपूजा, मग गोठा. दुपारी पाठ टेकायला मिळाली तर ती गावच्या गजबादेवीची कृपा.

आषाढात एके दिवशी तिने माळ्यावरून गणपतीचा पाट काढला, तर त्याचा हातातच भुगा झाला. वाळवी. आता काय करायचं? दरसाल घरचा पाट गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा, आणि मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवणार. नागपंचमीच्या आत पाट पोचायलाच हवा.

मुलगा दीपेश गोव्यात कंपनीत. तो फोनवर म्हणाला, "आये, कुडाळात तयार पाट मिळतत. येताना घेऊन येतंय."

परशुराम खुर्चीतून ऐकत होते. "मेस्त्रीच्या घरातलो गणपती इकतच्या पाटार? आधी माका उचला, मगे हाडा तो पाट."

"मग करतलो कोण?" रसिकाने विचारलं.

"तू."

तिला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी पडवीतली वाळलेली फणसाची फळी डोळ्यानेच दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून तिची दुपारची पाठ टेकणी गेली. रंधा ती जीव खाऊन ढकलायची आणि तो मध्येच अडकून लाकडाचे टवके उडवायचा.

"गो, रंधो मारतंस काय खोबरा खवतंस?"

"खोबरा खवतंय म्हणान तुमी जेवतास!"

"मांजराक उलटो हात फिरवलो तर मांजर काय करता? तसाच फळयेचा. फिरव ती."

तिने फळी फिरवली. तेच पातं, तेच लाकूड, पण रंधा सरसर धावला आणि पिवळी साल गुंडाळी होऊन तिच्या पायाशी पडली. परशुराम काही बोलले नाहीत. मेस्त्री काही बोलले नाहीत म्हणजे बरं झालं, एवढं ती शिकली. पण तिन्हीसांजेला दिवा लावताना तिच्या बोटांना काडी ओढवेना.

मेस्त्रींच्या घराण्यात देवाच्या पाटाला खिळा चालत नसे. पाटाच्या खालच्या अंगाला दोन आडव्या खाचा पाडायच्या आणि त्यांत बाजूने पट्ट्या सरकवायच्या. त्या आपल्याच घट्टपणावर बसल्या पाहिजेत. पटाशीने खाचा कोरताना तिचा अंगठा दोनदा फाटला. शेवटी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली.

"पुरे," परशुराम म्हणाले. "उद्या मोगरीन टिचकी मारलंस की बसली."

त्या संध्याकाळी कोंबडी पाटावर चढून घाण करून गेली. देवाचा पाट! रसिकाने पट्टी ओढून काढली, पाट आणि पट्ट्या विहिरीवर नेल्या, खसाखसा घासल्या, वर गोमूत्र शिंपडलं. देवाला लागणारी वस्तू आधी धुवायची, हे तिला आईने चालायला शिकवावं तसं शिकवलेलं. यात विचारायचं काय? तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दुपारी पट्ट्या वरून कोरड्या दिसत होत्या. पण काल सरकलेली पट्टी आज खाचेच्या तोंडाशीच अडली.

"थांब, माका बघूक दी," परशुराम म्हणाले.

पण तिला थांबायचं नव्हतं, तिला संपवायचं होतं. तिने लाकडी मोगरी हाणली. पट्टी थोडी आत शिरली. पुन्हा जोराने हाणली, आणि पाट काडकन तडकला.

"पाणी लावलंस?"

"कोंबडीन घाण केल्यान. देवाचो पाट तो... धुतलंय."

लाकूड पाणी पितं आणि फुगतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मेस्त्रीच्या बायकोला ते सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नसेल. आता ते ओरडतील म्हणून ती खांदे आवळून बसली. ते ओरडले नाहीत.

"दीपेशाक फोन कर. पाट हाडूक सांग," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले.

इतके दिवस त्या खुर्चीतून शिव्या येत होत्या, म्हणजे तिथे एक मेस्त्री बसलेला होता. विकतचा पाट आला की तिथे नुसता दुखणाईत उरणार.

तिने फोन केला नाही. तडा बघितला. काठापासून चार बोटं आत, रेषेरेषेने सरळ गेलेला.

"कडेचो तुकडो करवतीन कापून काढलो तर? पाट ऱ्हवात?"

त्यांनी डोळे उघडले. नजरेने तडा मोजला. "ऱ्हवात. पण अरुंद होतलो. मूर्ती बारकी करूची लागतली. एकदा वाढवलेली मूर्ती कमी करूची नसता गो."

"ता मी देवाक सांगतंय."

अडकलेली पट्टी उपसून तिने पाट आणि पट्ट्या चुलीच्या वरच्या फळीवर सुकत ठेवल्या आणि देवापुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायचं काम घरातल्या पुरुषाचं. पण त्यांना उठवून आणण्याइतकं बळ आज तिच्या अंगात नव्हतं. तिनेच हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या वर्षी तुझी मूर्ती बारकी हाडतंय. रीत मोडली असात तर दोष माझ्या पदरात घाल, ह्या माणसाच्या नको, रे म्हाराजा."

पडवीतून जड आवाजात गाऱ्हाण्याला साथ आली, "व्हय म्हाराजा."

सगळं सुकल्यावर तिने करवत घेतली. परशुराम खुर्चीतून पुढे वाकले आणि पाट हलू नये म्हणून डाव्या हाताचा तळवा त्यावर दाबून धरला. तिची करवत दोनदा भरकटली. दोन्ही वेळा ते तिला बोलले, अगदी शेजारणीला ऐकू जाईल असं. मग पट्ट्या मोगरीच्या टिचकीनेच खाचांत बसल्या.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिने पाट शाळेत नेला. धोंडू मूर्तिकाराने तो उलटा केला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, मग वीत टाकली.

"वयनी, हेच्यार मूर्ती बारकीच बसतली. चलात?"

"चलात," ती म्हणाली, आणि न रंगवलेल्या गणपतींच्या ओळीशेजारी भिंतीला पाठ टेकून बसली. लगेच उठून घरी जायचं तिच्या जिवावर आलं होतं.