विमानाच्या नाकाला लिंबू

आजचं आजच लिहून ठेवतो.

रिमोटवर उडणारं एक जुनं लाकडी विमान हाय माझ्याकडं. काकांनी तरुणपणी बनवलेलं. असलं किट आता कुठं मिळत न्हाई. त्याचं शेपूट उंदरांनी कुरतडलं होतं, ते मी दोन महिने बसून नवं केलं. आज उदगीरच्या माळावर उडवायचं होतं.

निघताना बायकोनं विमानाच्या नाकाला लिंबू-मिरची बांधली. मी चिडलो, "हा काय ट्रक हाय का?"

"असू द्या. नजर लई वाईट."

माळावर पोचलो. पंखाखाली हात देऊन विमान उचललं आणि दुसऱ्या हातानं लिंबू तोडलं, तर शेपूट धपकन खाली! नव्या शेपटीत मी गोंद लई ओतला होता, अन् तोल बघायचाच विसरलो होतो. मागं जड झालेलं विमान हवेत आवरत न्हाई. उडवलं असतं तर चुराच झाला असता.

लिंबाच्या वजनाचं शिसं नाकात बसवलं. उडालं, दोन फेऱ्या मारल्या, अलगद उतरलं. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नजर तुमचीच लागली होती!"